उजव्या डोळ्यातला लाल

“आधी उन्हात चला, मग बोला.”

गिऱ्हाइकानं पायरी चढून साडीची पिशवी उघडली रे उघडली की वहिनींचं हे वाक्य ठरलेलं. साडी हातातून ओढून घ्यायच्या, बाईच्या दंडाला धरायच्या आणि तिला आली तशी परत रस्त्यावर न्यायच्या. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, मोटारसायकली वळसा घालून जातायत, आणि या एका हातात साडीचा काठ, दुसऱ्या हातात ब्लाउजपीस धरून मधोमध उभ्या. वर म्हणायच्या, “ट्यूबलाइट खोटं बोलती ओ. तिच्या उजेडात समदे लाल सारखेच दिसत्यात.”

शेवगावच्या बाजारपेठेत त्यांचं मॅचिंग सेंटर आणि माझं मेडिकल, मधे एक भिंत. सोळा वर्षं आम्ही शेजारी. त्यांचे यजमान शाळेत माझ्या वर्गात होते, म्हणून त्या वहिनी आणि मी भाऊ. यजमान साखर कारखान्यात पाळीवर, घरी म्हाताऱ्या सासूबाई, आणि दुकान एकट्या वहिनींच्या जिवावर.

मी तसा तुसडा माणूस. औषध घ्यावं आणि निघावं, काउंटरला रेलून गप्पा मारलेल्या मला खपत नाहीत, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. वहिनींना मात्र ते कधी कळलंच नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की येऊन माझी कपाटं न्याहाळत उभ्या. “भाऊ, ही दोन खोकी एकाच कंपनीची ना? मग निळा येगळा का?” आता याला काय उत्तर द्यायचं? मी म्हणायचो, “वहिनी, लोक गोळी खातात, खोकं नाही.” त्यावर त्या मान हलवायच्या आणि पुढच्या कप्प्याकडे वळायच्या.

पण हात आणि नजर अशी, की काय सांगू! तुम्हीआम्ही लाल म्हणून मोकळे होतो. त्यांच्याकडे कुंकवाचा लाल वेगळा, डाळिंबाचा वेगळा, विटेचा वेगळा, पिकल्या मिरचीचा आणि वाळल्या मिरचीचा तर अगदीच वेगळा. दोऱ्याच्या रिळांचे नंबर तोंडपाठ. पाथर्डीहून, नेवाशाहून बायका लग्नाचा बस्ता घेऊन त्यांच्याकडे यायच्या. आजवर एक कापड परत आलं नाही, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. ते खरंही असणार, नाहीतर भांडण मला भिंतीतून ऐकू आलं असतं.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो. लपवून उपयोग नाही.

दोन वर्षांपूर्वी गावात डोळे येण्याची साथ होती. सकाळपासून माणसं काळे चष्मे लावून रांगेत. त्या गर्दीत वहिनी आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, उजवा डोळा दुखतोय. डोळा फिरवला की आतून कळ येती.” मी वरही पाहिलं नाही. थेंबांची बाटली काढून पुढे सरकवली आणि म्हटलं, “दिवसातून चार वेळा घाला.” इतकंच. डोळे आलेल्या माणसाचा डोळा लाल असतो, चिकटतो, गळतो. वहिनींचा डोळा पांढरास्वच्छ होता. मान वर केली असती तर मला दिसलं असतं. पण पंचवीस वर्षं काउंटरवर काढली की माणसाला वाटतं, आपल्याला सगळं न बघताच कळतं.

वहिनींनी पाच दिवस इमानेइतबारे थेंब घातले.

सहाव्या दिवशी त्यांचं पहिलं कापड परत आलं. एका वरमाईनं साडी आणि ब्लाउजपीस काउंटरवर ठेवलं. भांडली नाही, बिचारी उलट संकोचली. “वहिनी, हा लाल न्हाई ओ, विटकरी हाय. तुमच्याकडून असं कसं झालं?” वहिनी दोन्ही कापडं घेऊन रस्त्यावर गेल्या. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं. मी दारातून पाहत होतो. तीनदा त्यांनी तसं केलं आणि मग सरळ माझ्याकडे आल्या.

“भाऊ, डाव्यानं बघितलं की लाल. उजव्यानं बघितलं की धुतल्यावानी. कुणी तरी माझ्या उजव्या डोळ्यातला लाल उचलून नेला.”

मी त्यांना डावा डोळा झाकायला लावला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. “मधले आकडे न्हाईत. कडंकडंचे दिसत्यात,” त्या म्हणाल्या. मेडिकल दिवसाढवळ्या बंद करून मी गाडी काढली. यजमान कारखान्यावर होते, त्यांना फोनवर सांगितलं की थेट नगरला या.

नगरच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, चटपटीत. त्यांनी बॅटरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवली, बाहुल्या पाहिल्या. मग औषधाच्या बाटलीचं एक लाल झाकण समोर धरलं. “डाव्या डोळ्याला हा लाल रुपयाचा वाटतो असं समजा. उजव्याला किती पैशांचा वाटतो?”

“पैशांचं कशाला,” वहिनी म्हणाल्या, “नंबरच सांगते की. डाव्यानं सत्तेचाळीस, उजव्यानं बासष्ट. बासष्ट म्हंजी जुन्या विटक्या विटेला असतो तसला.”

बाई चकित झाल्या. मी समजावून सांगितलं की हे दोऱ्याच्या रिळांचे नंबर आहेत. त्या हसल्या आणि कागदावर दोन्ही नंबर खरोखर लिहून ठेवले. मग विचारलं, “कधीपासून त्रास आहे?”

“आठवडा झाला आसंल.”

“मग आठवडाभर काय केलंत?”

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाल्या, “घरातलंच कायतरी घातलं.”

त्यांनी मला वाचवलं, आणि मी गप्प राहिलो. शरम वाटली, तरी गप्प राहिलो. यजमान आले, वहिनींना तपासणीसाठी आत नेलं, तेव्हा मात्र मी परत त्या खोलीत गेलो आणि बाईंना सांगितलं की थेंब मीच दिले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “थेंबांनी चांगलंही झालं नाही आणि वाईटही नाही, दिवस तेवढे गेले. पण पांढरा डोळा दुखतो म्हणून कुणी आलं तर पुन्हा थेंब विकू नका.” तोंडात मारल्यासारखं झालं मला, आणि तेच योग्य होतं.

डोळ्यामागची नस सुजली होती. बाईंनी यजमानांना समजावलं, “डोळा म्हणजे बल्ब धरा. बल्ब चांगला आहे, मागची वायर सुजलीय. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड द्यायचं, मग काही दिवस गोळ्या, त्या हळूहळू कमी करायच्या.” स्टिरॉइड म्हटल्यावर यजमानांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “अरे, त्यानं हाडं पोकळ व्हत्यात म्हणे. तू तर औषधवाला, तू सांग.” बाईंच्या कानावर ते गेलंच. “वर्षानुवर्षं चोरून खाणं वेगळं,” त्या म्हणाल्या, “आणि तीन दिवस आमच्यासमोर, साखर आणि बीपी तपासत घेणं वेगळं.”

वहिनींनी एकच प्रश्न विचारला. “लाल येईल का परत?”

“सूज लवकर उतरेल, नजर लवकर येईल,” बाई म्हणाल्या. “शेवटी किती येईल, ते आज मी सांगितलं तर खोटं बोलल्यासारखं होईल.”

वहिनींना ते उत्तर आवडलं. मला म्हणाल्या, “बाई खरी हाय.”

ते तीन दिवस सलाईन चालू असताना तोंडात पितळी वाटी धरल्यासारखी चव येते, ही त्यांची तक्रार. झोप उडालेली, आणि भूक अशी की विचारू नका. यजमान डबा आणायचे तो संपवून त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या डब्याची चौकशी करायच्या. भेटायला गेलेल्या पेठेतल्या बायका परत येऊन सांगत, “सलाईननं लई ताकद आली बाई वहिनीला!” आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद, मग बाटलीत काय का असेना. मी समजावण्याचा नाद सोडून दिला. मेंदूचा एमआरआय काढला, तो चांगला निघाला. त्या दिवशी यजमानांनी आख्ख्या वॉर्डाला चहा पाजला.

घरी आल्या तेव्हा नजर थोडी उघडली होती. गोळ्या सुरू झाल्या. सकाळी न्याहारीनंतर घ्यायच्या, आज इतक्या, चार दिवसांनी इतक्या, असा कागद मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून दिला. चेहरा थोडा सुजला, गाल वर आले. लगेच पेठेत चर्चा, “वहिनी, माहेरी जाऊन आलात काय? अंगाला लागलं चांगलं!” वहिनी सगळ्यांना हो म्हणायच्या.

आणि एका सकाळी काय बघतो, तर वहिनींच्या सासूबाई माझ्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढून वर! या आजींचे गुडघे गेलेले. चार वर्षांत त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. त्यांच्या साखरेच्या गोळ्यासुद्धा वहिनीच माझ्याकडून न्यायच्या.

“आजी! चढलात की तुम्ही!” मला खरंच आनंद झाला.

“चढले की. काल देवळात बी जाऊन आले,” आजी म्हणाल्या. “आरं, त्या सूनबाईच्या पांढऱ्या गोळ्या लई गुणाच्या हायेत. आजून धा-बारा दे बरं. तिच्या सरत आल्यात, मग आमा दोघींना पुरायच्या न्हाईत.”

“दोघींना?” मी म्हणालो, आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

आजींचं बोट टोचून साखर बघितली. आकडा भलताच वर गेलेला. तसाच उठून शेजारी गेलो आणि भरदुकानात, दोन गिऱ्हाइकं समोर असताना, वहिनींवर ओरडलो. “अहो, ती गोळी आहे का पुरणपोळी? वाटून खायला? तुमचा डोळा जाईल, त्यांची साखर जाईल वर, आणि दोघी मला घेऊन बुडाल!”

वहिनी शांतपणे कापडाची घडी घालत राहिल्या. गिऱ्हाइकं गेल्यावर म्हणाल्या, “पहिल्या दिशी त्यांनी मागितली म्हणून एक दिली. दुसऱ्या दिशी त्या काठीबिगर न्हाणीत गेल्या, भाऊ. त्यांचे गुडघे माझ्या डोळ्याच्या आधीपासून दुखत्यात. त्यांना बरं वाटत आसताना समद्या गोळ्या मी एकटीनं कशा खाऊ?”

आमच्याकडे घरात आलेली वस्तू एकटीनं खाणारी सून अजून जन्मायची आहे. पेढा असो, आंबा असो, अर्धा सासूचा. वहिनींनी औषधालाही तोच न्याय लावला. मी नगरला फोन केला. बाई आधी हसल्या, आणि मग अशा रागावल्या की मी मोबाईल कानापासून लांब धरला. सलाईनचं मोठं काम होऊन गेलं होतं म्हणून निभावलं. गोळ्यांचा हिशेब नव्यानं लावून दिला. आजींना त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, आठवड्याभरात साखर खाली आली. त्याबरोबर गुडघेही होते तसे झाले. “ह्या औषधवाल्यानंच माझं चालणं बंद पाडलं,” असं आजी महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या. आणि खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटायचं.

वहिनींचा मात्र एकच ध्यास. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या लाल दोऱ्याची अकरा रिळं घेऊन माझ्या काउंटरवर मांडायच्या. डाव्या डोळ्यावर तळहात. “आज बासष्ट आणि सत्तेचाळीस येगळे दिसले, भाऊ!” एक दिवस आनंदानं ओरडल्या. मग आणखी एक जोडी सुटली, मग आणखी एक. माझ्या गिऱ्हाइकांना वाटायचं मेडिकलमध्ये दोराही मिळायला लागला. मी, ज्याला बायकोच्या साडीचा रंग विचारला तर सांगता येत नाही, तो रिळं वरखाली करून त्यांची परीक्षा घ्यायला शिकलो.

तीन महिन्यांत त्या कॅलेंडरवरचं बारीक अक्षरातलं पंचांगसुद्धा उजव्या डोळ्यानं वाचायला लागल्या. नगरच्या बाईंनी सांगितलं, नजर जवळजवळ सगळी आली. पण रिळं ऐकेनात. शेवटच्या दोन जोड्या काही सुटत नव्हत्या. सहा महिने झाले तेव्हा एका सकाळी त्यांनी उजव्या डोळ्यानं बघून दोन रिळं एकमेकांजवळ ठेवली आणि म्हणाल्या, “हे एकच हायेत. बरोबर ना?”

बरोबर नव्हतं. एक कुंकवाचा होता, एक डाळिंबाचा. मला तो फरक त्यांनीच शिकवला होता. हो म्हणावंसं फार वाटलं. पण एकदा न बघता उत्तर दिलं होतं, आता बघून खोटं कसं देऊ? मी म्हटलं, “नाही, वहिनी.”

“बरं,” त्या म्हणाल्या. बाकावर बसल्या आणि रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. हातांनी डोळे पुसता पुसता त्यांनी दोन्हीकडची ओली बोटं बघितली आणि म्हणाल्या, “पाणी तर दोन्हीतून सारखंच यायलंय की.” आणि हसायलाच लागल्या. मला ते जास्त जड गेलं.

त्या दिवसापासून रिळांची परीक्षा बंद झाली. वहिनी डाव्या डोळ्यानं मॅचिंग करायला लागल्या. कापड बघताना उजव्यावर तळहात दाबून धरायच्या, नेम धरल्यासारखा. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “तो लबाड झालाय, त्याला कामाला घेत न्हाई.” पुन्हा एकही कापड परत आलं नाही. उजव्या डोळ्याचा त्यांना रागच आला होता. पोराला बोलावं तसं त्या त्याला बोलायच्या. मी म्हणायचो, “अहो, सगळं दिसतंय की त्याला, दोन लालांवरून किती छळाल?” पण ऐकतील तर वहिनी कसल्या.

गेल्या दिवाळीनंतर यजमानांना कर्जतकडच्या एका कारखान्यात बरी जागा मिळाली आणि मंडळी तिकडे गेली. दुकान सोडलं. आता शेजारी मोबाईलचं दुकान आहे. पोरं चांगली आहेत, पण दिवसभर गाणी लावतात. दुपारी माझ्या काउंटरवर कुणी रेंगाळत नाही. मला हवं होतं तसंच झालं म्हणायचं, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

मागच्या महिन्यात दुपारी फोन आला.

“भाऊ, मी नगरहून बोलते, दवाखान्यातून. डावा सुजला.”

चांगला डोळा, ज्याच्यावर सगळी भिस्त, तोच.

“परवा सकाळी कळ आली. दुपारी हितं. औंदा तुमाला न विचारता आले, राग मानू नका.”

“राग कसला, वहिनी! लाख चांगलं केलंत. सलाईन लावलं का? मेंदूचा फोटो काढला का परत?”

“काढला. रक्त बी लांब कुठं तपासायला धाडलंय. बाई म्हणती, दोनदा झालं म्हंजी मूळ शोधाय पायजे. आज दुसरं सलाईन.”

“आणि दिसतं किती?”

“डाव्यातनं? समदं धुकं.” मागे कुणाची तरी खाट सरकवल्याचा आवाज आला. “भाऊ, त्या उजव्याला मी दोन वर्षं नावं ठेवली. हातानं झाकून ठेवला. काल त्यानंच मला जिना चढवला. आत्ता मोबाईलवर तुमचं नाव बी त्यानंच वाचून दिलं.”

समोर गिऱ्हाईक चिठ्ठी धरून उभं होतं, त्याला हातानंच थांबवलं.

“ऐकताय ना?”

“ऐकतोय. आता पुढे काय म्हणतात बाई?”

“पुढं काय, डाव्याची वाट बघायची,” वहिनी म्हणाल्या. “तोवर ह्यो हाय की माझा.”